वेगवान इंटरसेप्टर ड्रोनसाठी निधी उभा करतोय. गुंतवणूकदाराला नेमकं काय दाखवावं?

वातचक्र (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आम्ही सात जण मिळून इंटरसेप्टर ड्रोन बनवतोय. म्हणजे हल्ला करायला आलेलं ड्रोन हवेतच गाठून पाडणारं ड्रोन. दीड वर्ष झालं. आतापर्यंतचा खर्च आमच्या बचतीतून आणि दोन ओळखीच्यांनी विश्वासाने दिलेल्या पैशातून भागवला. आता जेमतेम चार महिने पुरेल एवढी शिल्लक आहे, म्हणून सीड राउंडच्या, म्हणजे हिस्सा देऊन बाहेरून पहिलं भांडवल उभं करण्याच्या, मागे लागलोय.

हे काम का करतोय ते आधी सांगतो. २०२२च्या सप्टेंबरपासून युक्रेनवर शाहेद-१३६ जातीची ड्रोन येऊन आदळतायत. साडेतीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद, वजन दोनशे किलोच्या घरात, वेग ताशी १८५ किमीच्या आसपास. एकाची किंमत साधारण २० ते ५० हजार डॉलर धरतात. ते पाडायला पॅट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेचं एक पॅक-३ एमएसई क्षेपणास्त्र सोडलं तर ४० लाख डॉलरच्या आसपास गेले! हा हिशेब कुठल्याच देशाला फार काळ परवडणारा नाही. म्हणून तिथल्याच वाइल्ड हॉर्नेट्स गटाने ‘स्टिंग’ बनवलं. बंदुकीच्या गोळीसारखा आकार, चार मोटरी, ताशी ३००च्या वर वेग, आणि किंमत शाहेदच्या पासंगालाही पुरत नाही.

आमचं यंत्र त्याच घडणीचं आहे. शेपटीवर उभं राहून उडतं आणि वर गेलं की नाक पुढे करून आडवं होतं. चाचणीत ३१० नोंदवलाय, पुढच्या आवृत्तीत ३५० गाठायचेत. सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर ‘३५०’ मोठ्या अक्षरात टाकलंय. आठ गुंतवणूकदारांना भेटलो. सगळे म्हणतात, छान आहे, संपर्कात राहू. पुढे काहीच हालत नाही. कुठे चुकतंय?

---

निमपंख

शुभेच्छा. एक आधी सांगा, ३१० कसा मोजला? आणि परतीच्या फेरीत किती आला?

---

वातचक्र

जीपीएसवर. जाताना ३१०, येताना २६८. त्या दिवशी वारा होता.

---

निमपंख

मग तुमचा वेग २८९. विक्रम करणारेसुद्धा दोन्ही दिशांना उडवून सरासरी काढतात ते याचसाठी. ल्यूक आणि माइक बेल या बापलेकांच्या क्वाडकॉप्टरने २०२४मध्ये ताशी ४८०.२३ किमीचा विक्रम केला होता. तेव्हा नुसता ‘वेगवान’ म्हणून ३५० दाखवलेत तर जाणत्या माणसाच्या डोळ्यांत तो भरणार नाही. आणि पाठीवर वारा घेऊन काढलेला आकडा त्याने पकडला तर पुढच्या सगळ्या पानांवरचा विश्वास उडतो.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. तुम्ही वेग विकताय, आणि घेणाऱ्याला हवंय ते पाडलेलं ड्रोन.

जरा हिशेब मांडू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी शक्ती घनाने. ३००वरून ३५०ला जायचं तर ३५० भागिले ३००चा घन, म्हणजे जवळपास १.६ पट शक्ती. बॅटरी तीच ठेवली आणि ३००ला ती ६ मिनिटं पुरत असेल, तर ३५०ला पावणेचार मिनिटांत संपेल.

आता पाठलाग धरा. लक्ष्य १८५ने पळतंय आणि तुमच्या १० किमी पुढे आहे. ३००ने गेलात तर अंतर ताशी ११५ने कमी होईल, गाठायला ५ मिनिटं १३ सेकंद. बॅटरी ६ मिनिटांची, म्हणजे हाताशी ४७ सेकंद उरले. ३५०ने गेलात तर ३ मिनिटं ३८ सेकंदांत गाठाल, पण बॅटरी ३ मिनिटं ४७ सेकंदांची. उरले ९ सेकंद. पहिली झडप हुकली तर वळून दुसरी घ्यायला ४७ सेकंदांत जमेल, ९ सेकंदांत नाही जमणार.

गणिताची आवड असेल तर कागदावर मांडून बघा: सरळ मागून पाठलाग करताना सगळ्यात कमी ऊर्जा लागते ती लक्ष्याच्या वेगाच्या बरोब्बर दीडपट वेगाला. १८५चं दीडपट होतं २७७. तुम्ही २८९ला पोचलाच आहात की!

(प्रत्यक्षात मोठा प्रवाह ओढला की बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, त्यामुळे ३५०ची गत वरच्या आकड्यांपेक्षाही वाईट होईल.)

---

दुसरीपाळी

निमपंख, हा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. दीडपटीचं ठाऊकच नव्हतं.

---

उंबरठा

निमपंख यांचं गणित बरोबर, पण अर्धंच. मी काही वर्षं हवाई निगराणीच्या कामात होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

ऊर्जा वाचली, पण वेळेचं काय? ५ मिनिटं १३ सेकंदांत लक्ष्य १६ किमी पुढे सरकलं. ३ मिनिटं ३८ सेकंदांत ११ किमी. मधल्या ५ किमीत कदाचित वीजकेंद्र असेल, वस्ती असेल. वस्तीवर पाडलं तर अवशेष लोकांच्या डोक्यावरच पडणार. शिवाय वेळ मोजायची ती उड्डाणापासून नाही, रडारवर ठिपका दिसला तिथपासून. ठिपका दिसणं, तो पक्षी नाही याची खात्री, हुकूम, पेटीतून यंत्र काढून उभं करणं, बॅटरी जोडणं, उड्डाण. एकदा सरावात मी घड्याळ लावून पाहिलं होतं. यंत्र हवेत जाईपर्यंतच चार मिनिटं गेली, त्यातली दीड नुसती बॅटरी बसवून थर्मल कॅमेरा जागा होईपर्यंतची. तिथे एक मिनिट वाचवलंत तर ते वेग पन्नासने वाढवण्याच्या तोडीचं आहे, आणि त्याला ना नवी मोटर लागते ना नवी बॅटरी.

आणखी एक. शाहेदचीच जेट इंजिनाची रशियन आवृत्ती, गेरान-३, अशी ड्रोन येऊ लागलीत, ती ताशी ३००च्या पलीकडे जातात. तिथे दीडपट म्हणजे साडेचारशेच्या वर. तेव्हा ‘वेग कशाला’ असं कुणी म्हणू नये. कुठल्या लक्ष्यासाठी किती वेग, हे मात्र सांगता आलं पाहिजे.

---

निमपंख

उंबरठा, मान्य. वेळेची बाजू माझ्याकडून सुटली होती. मग वातचक्र, तुमचा पहिला आकडा ‘ठिपका दिसल्यापासून धडकेपर्यंत किती सेकंद’ हाच असायला हवा.

---

लोलक

कॅमेऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तुमचा थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा किती हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपतो?

विचारण्याचं कारण असं की ९ हर्ट्झपर्यंतचे थर्मल कॅमेरे निर्यात निर्बंधांत पुष्कळ सैल सुटतात. शस्त्रं आणि तत्सम तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या वासेनार या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीचाच तो परिणाम. म्हणून बाजारात सहज हाती लागतो तो बऱ्याचदा ९ हर्ट्झवाला. आता समोरासमोर धडक धरा. तुमचे ३०० आणि लक्ष्याचे १८५ मिळून ताशी ४८५, म्हणजे सेकंदाला १३५ मीटर. ९ हर्ट्झवर दोन चित्रांच्या मध्ये १५ मीटर अंतर निघून जातं, आणि लक्ष्याची रुंदी अडीच मीटर! ६० हर्ट्झवर हेच अंतर सव्वादोन मीटरवर येतं. त्यात चित्र टिपल्यापासून पंखांना आज्ञा जाईपर्यंत ५० मिलिसेकंद गेले तरी पावणेसात मीटर आंधळे.

आमच्याकडे मागे याच कारणाने महिनाभर वाया गेला. मागून पाठलाग केला की नेम अचूक, समोरून गेलं की दरवेळी हुकायचं. सगळे जण दिशा देणाऱ्या सॉफ्टवेअरवर तुटून पडले होते. शेवटी रात्री एकच्या सुमारास मी नोंदीतली चित्रं एकेक करून पुढे सरकवत बसले. एका चित्रात लक्ष्य म्हणजे मधोमध बोटाच्या नखाएवढा पांढरा डाग, पुढच्या चित्रात नुसतं आभाळ. मधलं काही नाहीच. सॉफ्टवेअर बिचारं बरोबर होतं, त्याला दिसतच नव्हतं.

गुंतवणूकदाराला हे सांगा. ‘आमचा कॅमेरा ६० हर्ट्झचा, त्याचा परवाना या देशाचा, आणि तो पुरवठा थांबला तर दुसरा हा’ असं एक वाक्य सादरीकरणात आलं की समोरच्याला कळतं, या लोकांनी खरंच उडवून बघितलंय.

---

वातचक्र

लोलक, आमचा ९ हर्ट्झचाच आहे. आणि समोरून घेतलेल्या सहा चाचण्यांपैकी पाच हुकल्यात. आम्ही वाऱ्याला दोष देत होतो. आज रात्रीच चित्रं काढून बघतो.

---

हिशेबनीस

मी नवउद्योगांचे आर्थिक व्यवहार बघते, त्यात संरक्षणक्षेत्रातले काही आहेत. तांत्रिक बाजू वर छान आली, मी पैशाचं लिहिते. लांबेल.

पहिलं म्हणजे त्या आठ गुंतवणूकदारांपैकी किती जणांना शस्त्रास्त्रांत पैसे घालायची मुभा होती, हे विचारलंत का? फंडाकडचा पैसा त्याचा स्वतःचा नसतो. पेन्शन निधी, विद्यापीठं, विमा कंपन्या यांनी तो दिलेला असतो, आणि त्यांच्या करारात ‘शस्त्रांत गुंतवणूक नाही’ असं कलम सर्रास असतं. समोर बसलेला भागीदार मनापासून आवडलं म्हणतो आणि शेवटी वकील नकार देतो. मी ज्यांचे हिशेब बघत होते त्या एका चमूला एका फंडाने चार महिने झुलवलं, चार वेळा आकडे मागवले, आणि पाचव्या महिन्यात हे कलम पुढे केलं. तोवर त्यांच्याकडे सहा आठवड्यांचा पगार उरला होता. त्यांतली दोघं मुलं गेली सोडून, आणि ती नसताना ते यंत्र पुढे गेलंच नाही. अजून ते आठवलं की जीव तुटतो. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये विचारा: तुमच्या करारात हे बसतं का? ‘नाही’ आलं तर आभार मानून पुढे.

वारं बदलतंय हे खरं. युरोपीय गुंतवणूक बँकेने २०२४च्या मे महिन्यात आपली जुनी अट काढून टाकली. आधी दुहेरी (नागरी आणि लष्करी) वापराच्या प्रकल्पाचं निम्म्याहून अधिक उत्पन्न नागरी बाजारातून येणं सक्तीचं होतं. नाटोच्या बऱ्याच सभासद देशांनी मिळून शंभर कोटी युरोंहून मोठा इनोव्हेशन फंड उभा केलाय. पण प्रत्येक फंडाचा करार वेगळा, तेव्हा गृहीत काहीच धरू नका.

दुसरं, पैसा कुणाचा आहे ते बघा. तुमचं गिऱ्हाईक शेवटी कुठलं ना कुठलं सरकार. ज्या देशाच्या गुंतवणुकीवर ते सरकार संशय घेतं, तिथला छोटासा हिस्सासुद्धा भागधारकांच्या यादीत दिसला तर चौकशी लागते. निकडीच्या वेळी मिळेल तो पैसा घ्यावासा वाटतो, पण तो नंतर काढता येत नाही.

तिसरं, सेफ. वाय कॉम्बिनेटर या नवउद्योगांना पैसा पुरवणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०१३मध्ये आणलेला हा साधा करार: आज पैसे घ्या, शेअर पुढच्या राउंडला द्या. २०१८पासून त्याची ‘पोस्ट-मनी’ (सगळ्या सेफचे पैसे धरून हिस्सा मोजणारी) आवृत्ती चालते. ती सोपी दिसते म्हणून लोक एकावर एक घेत जातात. समजा तुम्ही तीन वेळा प्रत्येकी १० टक्क्यांचे सेफ दिलेत. हे तीस टक्के सगळेच्या सगळे संस्थापकांच्या वाट्यातून जातात, आधीच्या सेफवाल्याचा टक्का कमी होत नाही. मग खरा राउंड आला, त्यात २० टक्के दिले. ७० गुणिले ०.८, राहिले ५६. त्यातून कर्मचाऱ्यांसाठी कंपनीचे १० टक्के बाजूला काढले की सात जणांत ४६. यंत्र अजून विकलं गेलेलं नाही, आणि अर्ध्याहून जास्त कंपनी गेली. सेफ घ्या, पण एकाच दमात घ्या, आणि हा तक्ता सही करायच्या आधी कागदावर मांडा.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. पैसे महिन्यांवर मागू नका, टप्प्यांवर मागा. ‘अठरा महिन्यांचा खर्च’ असं लिहिलं की समोरच्याला फक्त पगार दिसतात. त्याऐवजी: एवढ्यात ६० हर्ट्झचा कॅमेरा बसेल आणि समोरून घेतलेल्या वीसपैकी इतक्या धडका जमतील, त्रयस्थ निरीक्षकासमोर. पुढच्या एवढ्यात शंभर नगांची पहिली खेप. मग पहिली सरकारी चाचणी. असल्या कामात नमुना बनवायला पैसे देणारे भेटतात आणि मोठी ऑर्डर मिळाल्यावर देणारेही रांग लावतात. मधली दरी मात्र स्वतःच ओलांडावी लागते, आणि बहुतेक जण तिथेच संपतात. तुमचा राउंड त्या दरीपुरता असू द्या.

---

दर्यावर्दी

हिशेबनीस यांना अनुमोदन. अनुदानांबद्दल थोडं जोडतो, कारण तिथे हिस्सा द्यावा लागत नाही.

युरोपीय संरक्षण निधी २०२१ ते २०२७साठी जवळपास ८०० कोटी युरोंचा ठरला होता, पण त्यात साधारणपणे तीन वेगवेगळ्या देशांतल्या किमान तीन संस्था एकत्र याव्या लागतात. सात जणांनी पुढारी व्हायला जाऊ नये. रडारवाल्या मोठ्या कंपनीचा छोटा भागीदार व्हा. अमेरिकेतल्या एसबीआयआर या छोट्या कंपन्यांसाठीच्या संशोधन अनुदान योजनेची रचना टप्प्याटप्प्याने पैसे देण्याची. युक्रेनने २०२३च्या एप्रिलमध्ये ब्रेव्ह-१ नावाचा मंच काढला, तो तिथल्या बनवणाऱ्यांना अनुदान आणि थेट सैन्यातला वापरकर्ता, दोन्ही मिळवून देतो. मला यातलं दुसरंच जास्त मोलाचं वाटतं. काय बिघडलं ते वापरणाऱ्याच्या तोंडून काही दिवसांत कळणं, याला पर्याय नाही.

अनुदानाचा पैसा उशिरा येतो आणि बऱ्याचदा आधी तुम्ही खर्च करायचा, मग बिलं दाखवायची. तेव्हा चार महिन्यांची शिल्लक असताना नुसत्या अनुदानावर भिस्त ठेवू नका.

---

कोरीपाटी

माफ करा, मला यातलं तंत्र कळत नाही. पण एक मनात आलं ते विचारते. शेवटी हे शस्त्रच ना? त्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करताना तुम्हाला काही वाटत नाही का?

---

वातचक्र

कोरीपाटी, वाटतं. आमच्यातही सुरुवातीला यावर दोन रात्री बोलणं झालं होतं, आणि एक सहकारी तेव्हा बाहेर पडली. तिच्याबद्दल मला आदर आहे. मी माझ्यापुरतं सांगतो. रात्री घरावर येणाऱ्या ड्रोनसमोर आज लोकांकडे तळघरात जाऊन बसण्यावाचून फारसं काही नाही. आमचं यंत्र रिकाम्या आभाळात, माणूस नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर जाऊन आपटतं. ते उलटं कुणी माणसांवर वापरू नये म्हणून विकताना कुणाला देतो यावर आम्ही लेखी बंधन घालून घेतलंय. हेही सादरीकरणात टाकायचं की नाही, असा प्रश्न होता.

---

हिशेबनीस

टाका. जबाबदार फंड ते विचारतातच.

---

उंबरठा

पुरवठ्याबद्दल एक राहिलं. मोटरीतले चुंबक कुठून येतात? चीनने २०२५च्या एप्रिलमध्ये सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. त्यात डिस्प्रोशियम आहे, आणि मोटर तापल्यावर चुंबकाचा जोर टिकतो तो त्याच्याच जिवावर. तुमच्या मोटरी तापणारच. झेलेन्स्कींनी २०२५च्या जुलैमध्ये रोज हजार इंटरसेप्टर बनवण्याचं लक्ष्य ठेवलं. एकाला चार मोटरी म्हणजे रोज चार हजार. दहा नग जमवणं वेगळं, आणि खरेदीदार ज्या संख्येत विचार करतोय ती वेगळी. सहा महिन्यांच्या मोटरी आधीच घेऊन ठेवणं हासुद्धा निधीतला एक खर्च म्हणून दाखवा.

---

वातचक्र

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय.

लोलक यांनी सांगितल्याप्रमाणे चित्रं काढून पाहिली. पाचही हुकलेल्या फेऱ्यांत शेवटच्या चित्रात लक्ष्य चौकटीच्या आत होतं, आणि त्यानंतर काहीच नाही. ६० हर्ट्झचा एक कॅमेरा चाचणीपुरता उसना मिळाला. तो जड आहे, नाक ११ मिलिमीटरने वाढवावं लागलं आणि वेग २८९वरून २८१वर आला. समोरून सात फेऱ्या घेतल्या, पाच लागल्या. एक हुकली ती आमच्याच चुकीने, लेन्सवर दव जमलं होतं. दुसरीचं कारण अजून शोधतोय.

उंबरठा यांच्या सांगण्यावरून पेटीपासून उड्डाणापर्यंतचा वेळही मोजला. ३ मिनिटं २० सेकंद. आता पेटीतच बॅटरी जोडलेली आणि कॅमेरा जागा ठेवता येईल का ते बघतोय.

आठपैकी पाच फंडांच्या करारात आम्ही बसतच नव्हतो. विचारल्यावर दोघांनी एका दिवसात उत्तर दिलं. उरलेल्या तिघांना नवं सादरीकरण पाठवायचंय. पहिल्या पानावरचा ३५० काढलाय. तिथे आता सात फेऱ्यांचा तक्ता आहे, हुकलेल्या दोन्हींसकट. हिशेबनीस, टप्प्यांचा आणि हिश्श्यांचा तक्ता तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवलाय. नजर टाकाल का? सोमवारी पहिली भेट आहे.

---

हिशेबनीस

मिळाला. दुसऱ्या टप्प्यात मोटरींचा साठा धरलेला दिसत नाही, आणि कॅमेऱ्याच्या परवान्याला किती आठवडे लागतात ते लिहिलेलं नाही. तेवढं भरून पाठवा, शनिवारी दुपारी बसून बाकीचं बघते.